कूर्ग, निलगिरी आणि आमचं गिऱ्हाईक

हे किस्से मी मुद्दाम साठवले नाहीत. कॉफीच्या दुकानात नोकरी केली, एवढंच. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कापड घेतं, पैसे देतं आणि चालू पडतं. कॉफीच्या दुकानात ते थांबतं. बी दळून होईपर्यंत त्याला काही काम नसतं, वासाने जीभ सैल होते, आणि मग ते बोलायला लागतं! गेल्या वेळची कॉफी जरा पचपचीत होती, इथून सुरुवात होते आणि पुडी बांधून होईपर्यंत गाडी सुनेच्या माहेरावर आलेली असते. असं रोज ऐकत गेलं की किस्से आपोआप जमा होतात.

ती सगळी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. मी सावंत, लालबागचा. मॅट्रिकला गटांगळी खाल्लेला. आमच्या घरी कॉफी व्हायची ती फक्त कुणाला ताप आला तर! त्यामुळे कॉफीचा वास आला की मला उगाचच कणकण वाटायची. अशा माणसाला दादरच्या कॉफीच्या दुकानात गल्ल्यावर नोकरी लागली.

मालक श्रीनिवासराव, चिकमगळूरकडचे. आम्ही त्यांना नुसतं ‘राव’ म्हणायचो. गिऱ्हाइकं त्यांना सर्रास ‘मद्रासी’ म्हणायची, आणि राव प्रत्येकाला सांगायचे, “मी मद्रासी नाही हो, म्हैसूरचा!”

“तेच ते!” गिऱ्हाईक म्हणायचं.

राव पुडी बांधायला घ्यायचे. पण त्या गिऱ्हाइकाच्या पुडीत चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची ती स्वस्त मुळाची पूड, जरा जास्त पडायची, असा आमचा संशय होता.

‘आमचा’ म्हणजे माझा आणि जाधवचा. जाधव दळायच्या यंत्रावर होता. परळच्या चाळीत राहायचा, माझ्याच वयाचा. यंत्राच्या आवाजात बोलणं शक्य नसल्यामुळे तो कमी बोलायचा, पण यंत्र थांबवून एखादं वाक्य टाकायचा आणि ते बरोबर बसायचं.

मागे फळीवर डबे होते. कूर्ग, निलगिरी, वायनाड, शेवरॉय, बाबाबुडन. पहिल्याच दिवशी जाधवने मला शिकवलं, “कूर्गची कॉफी भारदस्त. निलगिरीची हलकी, जरा आंबूस. वायनाडची कडक. बाबाबुडन म्हणजे रावांच्या गावचा डोंगर. तिच्याबद्दल रावांना काही विचारायचं नाही.”

“का रे?”

“संध्याकाळची ट्राम चुकते!”

*

गिरगावात एका घरात दोन जावा होत्या. थोरलीचे वडील हुबळीला रेल्वेत, म्हणून तिला कूर्गची सवय. धाकटीचं लहानपण कुन्नूरला गेलेलं, तिला निलगिरीशिवाय चालायचं नाही. सकाळी एका चुलीवर दोन पातेली. आधी कुणाचं चढायचं, यावरून रोज खडाखडी. दोघे भाऊ बिचारे चहा पिऊन कामाला जायचे.

शेवटी त्यांच्या सासूबाई ट्राममध्ये बसून दादरला आल्या. म्हणाल्या, “राव, मला एकच कॉफी द्या. पण दोघींना ती आपापली वाटली पाहिजे.”

रावांनी विचार केला. अर्धं कूर्ग, अर्धं निलगिरी घेतलं, भाजणं थोडं चढवलं आणि पुडी बांधून दिली.

सासूबाईंनी घरी जाऊन थोरलीला बाजूला घेतलं. “तुझीच आणलीय हो. धाकटीला बोलू नकोस.” मग धाकटीला बाजूला घेतलं. “तुझीच आणलीय. थोरलीला कळू देऊ नकोस.” झालं! दोघी एकाच पातेल्यातली कॉफी प्यायच्या आणि आपण जिंकलो म्हणून एकमेकींकडे बघून हसायच्या. घरात इतकी शांतता झाली की शेजाऱ्यांनी चौकशी केली म्हणे, “कुणी आजारी आहे का?”

पुढे धाकटीच्या नवऱ्याला शीवला ब्लॉक मिळाला. बिऱ्हाडं वेगळी झाली. थोरली आली, मी तिला चोख कूर्ग दिली. धाकटी आली, तिला चोख निलगिरी दिली. आता काही लपवाछपवीचं कारणच उरलं नव्हतं.

आठवड्याच्या आत धाकटी पुडी घेऊन परत! “सावंत, ही काय कॉफी? भेसळ करायला लागलात वाटतं?”

दोन दिवसांनी थोरली. “इतकी वर्षं तुमच्याकडून नेतो. ह्यात काहीतरी मिसळलंय तुम्ही!”

मी रावांना विचारलं, आता काय करायचं? राव म्हणाले, “काय करणार? दोघींना मिसळूनच दे.”

“मग खरं काय ते सांगून टाकू का?”

“सासूबाई हयात आहेत तोवर नाही!”

*

ठाकुरद्वारला एक भाईसाहेब होते. मुंबईतलं जुनं घराणं. आजोबा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, माहीमला नारळाची वाडी, दिवाणखान्यात बिलोरी झुंबर. भाईसाहेबांना फक्त बाबाबुडन लागायची, आणि तीही गोल दाण्याची, म्हणजे पीबेरी. दाणे काउंटरवर पसरून एकेक निवडायचे. चपटा दाणा सापडला की मला दाखवायचे, “हा कोण पाहुणा?”

राव त्यांच्यावर फार खूश. “सावंत, मुंबईत आपल्या गावची कॉफी ओळखणारा एकच माणूस आहे.”

एकदा भाईसाहेबांनी रावांना घरी बोलावलं. “आमच्याकडची कॉफी प्या एकदा. आमच्या घरासारखी कुणाकडे होत नाही.” राव इस्त्रीचा कोट घालून गेले. मलाही बरोबर नेलं.

चांदीच्या पेल्यांतून कॉफी आली. दूध आटवून जवळजवळ बासुंदी झालेलं. वर केशराच्या काड्या, वेलदोड्याची पूड, चारोळी, आणि जायफळ तर असं की पेला हातात घेतल्याबरोबर मला झोप यायला लागली.

रावांनी घोट घेतला. डोळे मिटले. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

“कशी काय?” भाईसाहेबांनी विचारलं.

“फारच उत्तम,” राव म्हणाले. “जायफळ मलबारचं दिसतंय.”

भाईसाहेब उडालेच! आतल्या बाजूला वळून ओरडले, “ऐकलंस का? पहिल्या घोटात ओळखलं! ह्याला म्हणतात जाणकार!”

येताना ट्राममध्ये राव खिडकीबाहेर बघत बसले. दादर जवळ आल्यावर म्हणाले, “सावंत, भाईसाहेब दाणे निवडतात ना, त्यांना निवडू दे. काही बोलू नकोस.”

*

शीवला किल्ल्याच्या बाजूला एक कप्तानसाहेब राहायचे. मूळचे कूर्गचे, पलटणीतून निवृत्त झालेले. मिशा अशा की आधी त्या दुकानात यायच्या, मागून साहेब. त्यांना कूर्गशिवाय दुसरी कॉफी ठाऊकच नव्हती. बाकीच्या डब्यांकडे ते बघायचेसुद्धा नाहीत.

राज्यांची फेररचना झाली आणि कूर्ग हे वेगळं राज्य होतं ते म्हैसूरमध्ये गेलं. आपल्याकडे गुजरातसकट द्वैभाषिक राज्य आलं म्हणून सगळी मुंबई पेटलेली, आणि आमचे राव एकटेच आनंदात. “कूर्ग आता आमच्यात आला!” त्यांनी पेंटरला बोलावून डब्यावरचं ‘कूर्ग’ पुसलं आणि ‘म्हैसूर, क्रमांक दोन’ असं रंगवून घेतलं.

कप्तानसाहेब आले. फळीकडे बघितलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे नजर फिरवली.

“कूर्ग किधर गया?”

रावांनी डबा दाखवला आणि खुलासा केला. साहेब बराच वेळ त्या ‘क्रमांक दोन’कडे बघत उभे राहिले. आता मिशा थरथरतील, आता आवाज चढेल, म्हणून मी काउंटरमागे जरा सरकलो. पण आवाज चढला नाही. अगदी हळू म्हणाले, “राव, स्टेट तुम ले गया, ठीक है. डब्बा तो हमारा छोडो.”

राव वरमले. त्याच संध्याकाळी पेंटर परत आला आणि डब्यावर पुन्हा ‘कूर्ग’ आलं, आधीच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत.

पुढच्या खेपेला साहेब आले, डबा बघितला, टाचा जुळवल्या आणि त्या डब्याला चक्क सलाम ठोकला! मग म्हणाले, “आधा पौंड.”

ते गेल्यावर जाधवने यंत्र थांबवलं. “नशीबवान माणूस! आपल्याला मुंबई मिळेना, ह्यांना निदान डबा तरी मिळाला!”

*

त्या दिवसांत मोर्चे आमच्या दुकानावरूनच जायचे. घोषणा लांबून ऐकू आल्या की आम्ही दुकानाच्या फळ्या लावायला घ्यायचो. एका दुपारी फळ्या अर्ध्याच लागल्या होत्या आणि रस्त्यावर लाठीमार सुरू झाला. पळापळ, चपलांचा खच, आरडाओरडा. एक तरुण धडपडत आत शिरला आणि बियांच्या पोत्यावर बसला. डोकं फुटलेलं. रक्त भुवईवरून खाली येत होतं.

जाधवने इकडे तिकडे बघितलं आणि हाताला लागला तो डबा उघडून कॉफीची मूठभर पूड घेतली. आमच्याकडे जखमेवर हळद किंवा कॉफी दाबायची पद्धत. तो पूड दाबणार इतक्यात राव मागून ओरडले, “अरे थांब! थांब! त्याच्यात चिकोरी आहे! शुद्ध लाव, शुद्ध!”

आणि त्यांनी स्वतः बाबाबुडनचा डबा काढून दिला.

जखम भरली, म्हणजे पुडीने भरली. रक्त थांबलं. तेवढ्यात फळीच्या फटीतून एक हवालदार डोकावला. आपलाच, मराठी.

“आत कोण आलंय?”

“गिऱ्हाईक,” राव म्हणाले.

हवालदाराने पोत्यावर बसलेलं गिऱ्हाईक बघितलं. केसांपासून नाकापर्यंत कॉफी!

“काय करतंय गिऱ्हाईक?”

“वास घेतोय.”

हवालदाराने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, “वास घेऊन झाला की मागच्या दाराने जाऊ द्या त्याला. पुढे आमचे साहेब उभे आहेत.” आणि निघून गेला.

आम्ही सुस्कारा सोडला. त्या पोराच्या ओठांपर्यंत कॉफीचा ओघळ आला होता. त्याने तो जिभेने पुसला आणि तोंड वाकडं केलं. “अण्णा, जरा खारट आहे हो.”

राव एवढे भडकले! पोलिसांना घाबरले नव्हते, पण ह्या बोलण्याने भडकले. “रक्त मिसळल्यावर खारट लागणारच! उद्या ये, दुधातली देतो!”

तो खरंच आला. डोक्याला पट्टी, बरोबर तीन मित्र.

*

माझ्या लग्नाचा किस्सा जाधव सगळ्यांना सांगायचा, म्हणून मीच सांगून टाकतो.

एक दिवस दुकानात एक गृहस्थ आले. डोक्यावर काळी टोपी, बोलण्यात मालवणी हेल. म्हणाले, “उत्तम कॉफी द्या. मुलगी बघायला मंडळी येणारत. मुलगो म्हणे मोठो कॉफीतलो माणूस आसा.”

मी म्हटलं, मोठा माणूस आहे तर मोठीच द्या. चोख प्लांटेशन, म्हणजे मळ्यातली उंची बी, दळून दिली. कशी करायची तेही समजावलं. उकळायची नाही, फडक्यातून गाळायची, दूध वेगळं. गृहस्थ मान हलवत गेले.

रविवारी आई आणि मामा मला परळला मुलगी बघायला घेऊन गेले. दार उघडलं तर समोर तेच गृहस्थ! ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी ते म्हणाले, “म्हणजे तो मोठो माणूस तूच?”

मुलगी कॉफी घेऊन आली. कॉफी चांगली खळाखळा उकळलेली, वर पूड तरंगत होती. मी घोट घेतला. पूड दाताखाली आली.

“कशी झाली?” तिने विचारलं.

“छान झालीय.”

“खोटा सांगतास,” ती म्हणाली. सगळ्यांसमोर! “माझी मिया चाखून बघितलंय. आमच्यात कोणाक करूक येना नाय. माका चायच आवडता.”

तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. आईने माझ्याकडे बघितलं. मामा उठायच्या तयारीत. मी म्हटलं, “मग चहाच टाका की!”

चहा आला. फक्कड होता. त्याच बैठकीत लग्न ठरलं. तेव्हापासून आमच्या घरी चहाच होतो, आणि मी जन्मभर कॉफी विकून रोज सकाळी तोच पितो!

*

दादरला एक गोडबोले मास्तर होते. शाळेत भूगोल शिकवायचे. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. तुरुंगातून सुटल्यावर घरी जायच्या आधी ते आमच्या दुकानात आले, एवढी कॉफीची तलफ! पण तुरुंगात त्यांनी एक निश्चय केला होता.

“राव, यापुढे महाराष्ट्रात पिकलेली कॉफी द्या.”

राव म्हणाले, “मास्तर, कॉफीला डोंगर लागतो.”

“सह्याद्री काय सपाट आहे?”

“डोंगर आहे, पण कॉफी नाही. मी काय करू?”

मास्तर खट्टू झाले. तेवढ्यात बाजूला पुडीची वाट बघत उभे असलेले रेल्वेतले एक वऱ्हाडी कारकून म्हणाले, “आमच्या इकडं चिखलदऱ्याले होते ना जी कॉफी!”

मास्तरांचे डोळे चमकले. “चिखलदरा! विदर्भ! बघा राव, म्हणून आम्ही म्हणतो, विदर्भासह!”

कारकुनांचे मेहुणे तिकडेच होते. महिन्याभराने एक छोटी पिशवी आली. रावांनी ती स्वतः भाजली. मास्तरांना निरोप गेला. मास्तर आले ते पाच-सहा कार्यकर्ते घेऊनच. दुकानाला सभेची कळा आली.

राव खोडकर. म्हणाले, “मास्तर, एक गंमत करू. हे चार पेले. एकात चिखलदरा आहे. तुम्ही ओळखा.”

“त्यात काय ओळखायचंय? आपली माती आपल्याला कळत नाही होय?”

मास्तरांनी पहिला पेला चाखला. मान हलवली. दुसरा चाखला, लगेच खाली ठेवला. “छे! ही कुठली? पेंढ्यासारखी लागतेय.” तिसरा चाखला आणि त्यांचा चेहरा उजळला. आणखी एक घोट घेतला. डोळे मिटून म्हणाले, “हीच! ह्या कॉफीत काळ्या मातीचा कस आहे. वा! अशी चव परप्रांतात नाही!”

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर घोषणा दिली.

राव टाळ्या थांबायची वाट बघत होते. मास्तरांनीच विचारलं, “बरोबर ना?”

“ही शेवरॉय,” राव म्हणाले. “सेलमजवळची. मद्रास राज्य.”

एका कार्यकर्त्याला खोकला आला.

“मग चिखलदऱ्याची कुठली?” मास्तरांनी विचारलं.

जाधवने दुसरा पेला पुढे सरकवला. पेंढ्याची!

मास्तरांनी पेल्याकडे बघितलं, मग रावांकडे, मग सगळ्यांकडे. आणि ताठ उभे राहून म्हणाले, “प्रश्न चवीचा नाही. प्रश्न हक्काचा आहे!”

आणि तो दुसरा पेला एका दमात संपवला. ती पिशवी संपेपर्यंत मास्तर रोज तीच कॉफी प्यायले. त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं, “नाक दाबून प्यायचे हो, पण प्यायचे!”

*

आता जाधवच्या वडिलांचं सांगतो.

ते गिरणीतून निवृत्त झाले होते. बौद्ध झाल्यापासून पांढरा स्वच्छ सदरा घालायचे आणि संध्याकाळी चाळीतल्या पोरांना वाचायला बसवायचे. तरुणपणी, पहिल्या महायुद्धात, ते पलटणीचं सामान वाहायला बोटीने बसऱ्याला गेले होते. तिथे ते एकदा कॉफी प्यायले होते. “तशी पुन्हा मिळाली नाही,” असं ते घरी म्हणायचे. जाधव हे सहज बोलता बोलता रावांना बोलला.

रावांना एवढं पुरे होतं. कुठलीही कॉफी द्या, दूध घाला, साखर घाला, एका घोटात राव तिचा डोंगर सांगायचे. “घेऊन ये त्यांना. मी शोधून काढतो,” म्हणाले.

म्हातारबाबा आले. काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले. दुकानात गिऱ्हाइकाला चाखायला द्यायचे पितळी पेले तबकात उपडे असायचे. जाधवचा पेला वेगळा. घरून आणलेला, यंत्रामागच्या खिळ्याला अडकवलेला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. तसं करू नकोस, असंही कुणी म्हटलं नव्हतं. जाधवने तोच पेला वडिलांसमोर ठेवला आणि रावांनी वरून कॉफी ओतली.

“चांगली हाय,” बाबा म्हणाले. “पर ती न्हवं.”

राव इरेला पेटले. पुढच्या आठवड्यात निलगिरी झाली. मग वायनाड. मग कमी भाजून, जास्त भाजून, वेलदोडा घालून. बाबा दर वेळी मन लावून चाखायचे आणि दर वेळी तेच, “चांगली हाय. पर ती न्हवं.” रावांनी भेंडीबाजारात माणूस पाठवून एका अरब व्यापाऱ्याकडून एडनची कॉफी मिळवली. ती घरीच भाजली, दुकानात कुणाला हात लावू दिला नाही. भलं मोठं भांडं भरून केली.

बाबांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. “जवळ आली,” म्हणाले. “पर न्हाई.”

राव हताश झाले. “मग भांड्याचा फरक असणार! कसलं भांडं होतं? तांब्याचं? पाणी नदीचं का विहिरीचं? नीट आठवा.”

“भांड्याचं न्हाई आठवत. कप ध्यानात हाय. येकच हुता.”

“एकच म्हणजे?”

“वाळूत गोल करून बसलो हुतो. उंटवाले अरब हुते, पलटणीतले दोन-तीन जण हुते, आन् मी. त्या म्हाताऱ्या अरबानं आदी आपुन घोट घेतला. मग त्याच कपात वतून शेजारच्याला दिला. असा कप फिरत आला. माजी पाळी आली तसा मी हात मागं घेतला. म्हनलं, मला नगं, तुजा कप बाटंल. त्याला माजी भाषा कुठं कळतीया? त्यो आपला कप धरून बसला. मी घेईना, त्यो खाली ठिवंना. समदी वाट बघाय लागली. मग घेतला.”

जाधवने यंत्र कधी थांबवलं ते मला कळलंच नाही.

“आणि चव?” रावांनी विचारलं. त्यांचं लक्ष अजून तिथेच होतं. “चव कशी होती?”

“कडू हुती,” बाबा म्हणाले.

बाहेरून किंग्ज सर्कलकडे जाणारी ट्राम खडखडत गेली. बाबांनी समोरच्या तबकातला एक पितळी पेला उचलला, उलटा होता तो सुलटा केला, भांड्यातली कॉफी स्वतःच्या हाताने त्यात ओतली. तोंड लावून एक घोट घेतला. मग तो पेला रावांपुढे धरला.

“घ्या, मालक.”

रावांचा हात काउंटरवर होता, तो तिथेच राहिला. बाबांनी पेला खाली ठेवला नाही. मी जाधवकडे बघितलं. तो वडिलांकडे बघत होता.

रावांनी पेला घेतला. तोंड लावून प्यायले.

“सांगा आता,” बाबा म्हणाले. “कुठली?”

स्वतः मागवलेली, स्वतः भाजलेली, सकाळी स्वतःच्या हाताने केलेली कॉफी! रावांनी जीभ टाळ्याला लावली, डोळे मिटले, उघडले.

“कळत नाही,” ते म्हणाले. “आणखी एक घोट द्या.”